काटा थरथरताना

नंदुरबारच्या यार्डात आज ओली मिरची
आणि संगणकाच्या खोलीत आम्ही चौघं शिंकतोय.

माझं बिलाचं सॉफ्टवेअर पास होतं.
दिलवरसिंगचं काट्याचं, तेही पास.
दोघांच्या अहवालांवर हिरव्यागार खुणा.
वायर जोडली आदल्या रात्री साडेअकराला,
एकदाच, रिकाम्या काट्यावर.
शून्य गेलं, शून्य आलं.
आम्ही चहा मागवला.

सकाळी पहिला टेम्पो सुपडू बोरसेंचा.
इंजिन सुरूच. काटा थरथरत होता,
त्यातला पहिलाच आकडा माझ्या बिलानं उचलला:
टेम्पोसकट मिरची, एकशे सहा किलो.

ते हसले नाहीत. चिठ्ठी उलटी करून पाहिली.
"तुन्हा काटा खरा शे, पोरी, बिल बी खरं शे.
मधमा कोन व्हतं?"

मधे माझा ‘चाचणी शेतकरी’ होता.
नाव अबक, वजन नेहमी हजार.
त्याची मिरची कधी ओली नसायची,
इंजिन बंद करायचा त्याला कधी कंटाळा नाही.

दुपारी मी खाली उतरले.
म्हटलं, सुपडूभाऊ, गाडी परत चढवा.
इंजिन चालू राहू द्या. क्लीनरलाही काट्यावर उभं करा,
विडी ओढू दे.
एकदा तर मीच वायर उपसली, मधेच.
सातव्या खेपेला आकडा थांबला,
मगच बिल हललं.

तोवर रांग फाटकाबाहेर.
शिव्या आल्या, त्या वेळेसह वहीत लिहिल्या.
डोळे चुरचुरत होते.
कशानं, ते वेगळं तपासलं नाही.