अकरा वेळा ‘फक्त’

मासळीचा कारखाना बंद पडला, त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी
फिलोमिना किओ वाचनालयात आली.
बर्फाने माखलेले बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर,
जशी कुणाच्या घरी मयताला यावी.

“ते कागदाचं करायचंय,” म्हणाली, “सगळे करतायत तसलं.”
बायोडेटा हा शब्द तिच्या जिभेवर येईना.
मी खुर्ची दिली. ती कडेला टेकली,
उरलेली जागा दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला वाचनालय म्हणजे
दोन कॉम्प्युटर, एक हीटर आणि मी.
तुम्ही सांगा, म्हटलं, मी टाइप करतो.

“फक्त कॉड कापायचे. सव्वीस वर्षं.
उन्हाळ्यात फक्त खेकडे.
नंतर फक्त लाइनवर लक्ष ठेवायचं,
नव्या पोरी यायच्या ना, त्यांना फक्त दाखवायचं
सुरी कशी धरतात ते.”
किती पोरी?
“मोजल्यात कुणी!”
मग बोटांच्या पेरांवर मोजू लागली.
डल्सी. दोघी पॉवर बहिणी. ती डावखुरी, लग्न करून अल्बर्टाला गेलेली…
चाळिसाच्या पुढे गेल्यावर एकदम थांबली,
दुकानात नको तेवढं सामान घेऊन बसल्यागत.

मी लिहिलं: चाळीसहून अधिक कामगारांना प्रशिक्षण दिलं.
ती स्क्रीनकडे पाहत राहिली.
“ही कोण?”
तुम्ही.
“पूस ते. लोक हसतील.
या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं.”
तेच तर, म्हटलं. माहीत आहे सगळ्यांना.

एका मोसमात वजनकाटा बिघडला होता.
हिने नऊ दिवस हातावर तोलून पाच-पाच पौंडांची खोकी भरली,
एकही परत आलं नाही.
हे कुठल्या रकान्यात बसतं, मला कळेना.
तिला तर हे सांगण्यासारखं आहे हेच कळेना;
बोलता बोलता निघालं, खिशातून रुमालाबरोबर नाणं पडावं तसं.

आणि २००९ ते २०११?
“तेव्हा काही केलं नाही.”
काहीच?
“आई अंथरुणावर होती. तिला भरवायचं, पुसायचं,
दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा.
पण ते घरचं. ते यात घालत नसतात.”

अर्ज होता वृद्धाश्रमातल्या मदतनिसाच्या जागेसाठी.

हीटर तेवढा टकटक करत होता.
मी टाइप केलं: दोन वर्षं, रुग्णसेवा, पूर्णवेळ.
ती पुढे वाकली, एका बोटाने अक्षरं हुडकत
शेवटी आपल्या हाताने घातलं: घरी.
ते मी पुसलं नाही.

पुसले ते ‘फक्त’. अकरा निघाले.
तिने वाचलं तेव्हा प्रत्येक मोकळ्या जागेशी
तिची नजर अडखळत होती,
दात काढल्यावर जीभ जाते तशी.
“फार मोठं वाटतंय,” म्हणाली.
पान एकच होतं. तेही खाली चार बोटं कोरं.

दोन प्रती काढल्या, एकीला घडी पडणारच म्हणून.
पन्नास सेंट तिने मोजून ठेवले.
मी नको म्हटलं, तर म्हणाली, “वाचनालयाचे आहेत ते, तुझे नाहीत.”

मार्चनंतर या वाचनालयाचे तास निम्म्यावर येणार, हे पत्र
माझ्या खणात नाताळापासून पडून आहे.
त्याच खणातल्या पेनड्राइव्हवर एक फाइल आहे,
तिच्यात माझं नाव, पत्ता,
आणि खाली लुकलुकणारी उभी रेघ.

बूट चढवता चढवता तिने विचारलं,
“आणि तुझा? तुझा झालाय का असला कागद?”
माझं काय, म्हटलं, मी तर इथे फक्त…

ती दारात तशीच उभी,
एक बूट पायात, एक हातात.
वारा आत येत होता, नोंदवहीची पानं उलटत होती.
दार काही लावून घेईना.