द्रुझ्बा

रशियनमध्ये द्रुझ्बा म्हणजे दोस्ती.
बारा किलोच्या एका यंत्रकरवतीचंही तेच नाव,
सरकारने ठेवलेलं. सरकारला अशी नावं सुचत तेव्हा.

आमच्या गोठ्यात आता गायी नाहीत, करवती आहेत.
एकतीस. खुंट्यांवर, फळ्यांवर, गव्हाणीत.
स्वीडनच्या, जर्मनीच्या, एक कॅनडाची,
जिच्या खोक्यातून उंदराचं घरटंही आलं, कस्टमची मोहर घेऊन.
गंज आधी रॉकेलमध्ये भिजवते, मग पितळी ब्रश,
मग बोट. शेवटचं काम बोटच करतं.
जाम पिस्टन ठोकायचा नाही.
प्लगच्या भोकातून तेल सोडायचं आणि झोपायला जायचं.
रात्रीला जे जमतं ते हातोडीला जमत नाही.

बत्तिसावी मिळाली वाल्मिएराच्या पलीकडे,
आर्वीद्स गेल्यावर त्याच्या बायकोकडून,
वीस युरो आणि मधाची एक बरणी.
उंच दांड्या, मोटारसायकलच्या हँडलसारख्या,
कापणाऱ्याने वाकू नये म्हणून.
"विस्वाल्दिसची मुलगी ना तू?" ती म्हणाली,
"हिला स्टार्टर नाही." आणि दार लावून घेतलं.

द्रुझ्बाचा स्टार्टर सुटा असतो.
बसवायचा, दोरी ओढायची,
यंत्र धडधडलं की काढायचा, शेजारच्याला द्यायचा.
दोघांत एक पुरतो.

हवेच्या जाळीत भुसा होता, घट्ट, चहाच्या चोथ्यासारखा.
वडिलांपुढे धरला. त्यांना ऐकू येत नाही,
एकोणीस हिवाळे याच आवाजाला कान देऊन झालेत.
हुंगून म्हणाले, "बर्च. मार्चमधला, रस चढलेला."
आणि पाव खायला लागले.

मी वर्षभर स्टार्टर शोधला.
लिथुआनियाच्या बाजारात एक मिळाला, तडकलेला.
एक मी लेथवर घडवला, त्याची स्प्रिंग उसळून
अंगठ्याला चार टाके पडले.
एकाने पत्रातून फक्त फोटो पाठवला, विकणार नाही म्हणून कळवायला.
वडील सगळं बघत होते. चहा पीत.
अवाक्षर नाही.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ते तळघरात उतरले,
तेरा पायऱ्या, त्या गुडघ्यांनी.
बराच वेळ बटाटे सरकवल्याचा आवाज.
वर आले ते मेणकापडाचं गाठोडं घेऊन.
टेबलावर ठेवलं, माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी.

गंजाचा ठिपका नव्हता त्यावर.
दोरी नवी. म्हणजे अलीकडची.
म्हणजे कुणीतरी दर वर्षी तेल देत होतं,
त्रेचाळीस वर्षं,
आणि पुन्हा बटाट्यांमागे ठेवत होतं.

दोघांत विस्तव जात नाही, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं.
का, ते आईलाही माहीत नव्हतं;
बोनस, की पडलेलं झाड, की कुणी कुणाबद्दल वर केलेली तक्रार.
एकाने यंत्र नेलं. एकाने स्टार्टर.
दोघांनीही त्यानंतर सरपण कुऱ्हाडीने फोडलं.

अंगणात पहिला बर्फ, विरळ.
पहिल्या ओढीला काही नाही.
दुसऱ्या ओढीला खोकला.
पाचव्याला निळा धूर, आणि शेजारची कुत्री
सगळी एकदम.
वडिलांनी दांडीवर तळवा ठेवला, डोळे मिटले.
"हवा जास्त होतेय, दाइगा!" बहिरी माणसं ओरडतात तसे ओरडले.
मी स्क्रू पाव फेरा फिरवला.
"अजून."
अजून थोडा.
आवाज गोळा होऊन एका जागी बसला.

मग त्यांनी सवयीने स्टार्टर काढला
आणि न बघता डावीकडे पुढे केला.

डावीकडे फाटक होतं, त्यावर टांगलेली बादली.
हात तसाच राहिला.
यंत्र चालू होतं,
त्याला आता स्टार्टर लागत नव्हता.