छाट

सकाळी साडेआठला नळीत त्याचे दोन थेंब सोडते
आणि मागे धरते काळ्या रेघांचा कागद.
रेघा दिसल्या तर घरी जायचं.
रेघा गढूळात बुडाल्या
तर बाकावर बस बाळ, अजून थोडं रक्त लागेल.

निकेश सिडाम, वय चौदा, क्रमांक अकरा.
संमतीपत्रावर आईची सही, शेजारी त्याचीही,
रकान्याबाहेर सांडलेली.
बाप फताटेवाडीच्या वीज प्रकल्पात, कोळशाच्या पट्ट्यावर.
मूळ गाव?
एटापल्लीच्या पुढं, म्हणाला. एस्टी संपते, त्याच्या पुढं.

एटापल्ली.
हे नाव मी अक्षरं जुळवत वाचलेलं,
साखर पेठेतल्या बिडी कारखान्याच्या दारात,
तेंदूपानाच्या पोत्यावर, शाईनं, उलटं.

अम्मा पत्र्याच्या मापावर पान कापायची.
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्यांचे हजार.
चेकर सूप पुढं ओढायचा,
वाकडी, बारकी, सैल बिडी वेचायचा, मोडायचा.
छाट.
तिचे पैसे नाहीत. पान मात्र तुमच्या खात्यावर.

आता मी मोजते.
काचेच्या कडा व्हॅसलीननं बुजवून
आतली हवा संपायची वाट बघते.
तासाभरात गोल पेशी वाकू लागतात.
पुस्तकात लिहिलंय, विळ्यासारख्या.
आमच्या घरात विळा नव्हता,
कात्री होती.

एप्रिलात त्याला उचलून आणलं.
बाहेर त्रेचाळीस, मांडीच्या हाडात कुणी पाचर ठोकतंय
असं तो म्हणाला, तेही ओरडून नव्हे.
पाणी भरपूर पाजा, माशाळ मॅडम म्हणाल्या.
आई म्हणाली, नळ पाचव्या दिवशी येतो.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
सलाईन लावलं.

मग रोजची गोळी, दर महिन्याला रक्त,
पांढऱ्या पेशी घसरल्या तर गोळी बंद, पुन्हा सुरू.
मशीन कागदावर डोंगर काढतं.
एक डोंगर, अगदी डावीकडचा, वाढायला हवा.
पहिल्या महिन्यात पाच पूर्णांक आठ.
सोळाव्या महिन्यात सतरा.

हे पोटातल्या बाळाचं रक्त, मॅडम सांगत होत्या,
जन्मल्यावर हळूहळू जातं.
ते असेपर्यंत पेशी वाकत नाहीत.
गोळी त्यालाच परत बोलावते.

आजार दोघांकडून आलाय,
हे गेल्या खेपेला कळलं तेव्हा ती काही बोलली नव्हती.
आज पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
म्हंजे माझ्यात होता तोवर बरा होता.

मॅडमनी मान हलवली. होय की नाही, कळलं नाही मला.

क्रमांक चार दिवाळीपासून आला नाही.
फोन बंद. वीटभट्टी उठली, ते लोकही उठले.
रजिस्टरात 'संपर्क नाही' लिहिलं.
शेवटच्या हिशेबात त्याला वगळणार आहेत,
पद्धतच असते तशी.
वगळणे या शब्दाला
आमच्या गल्लीत दुसरा शब्द आहे.

ताई, बघू का मी?
निकेश स्टुलावर चढतो, डोळा चुकीचा मिटतो,
मग बरोबर.
हे माझंच?
तुझंच. वाकड्या मोज.

तो ओठांत मोजू लागतो, घरच्या बोलीत,
उंदी, रण्ड, मुंद.
माझ्या ओठांत अम्माचे आकडे आपोआप हलतात,
ओकटी, रेंडु, मूडु.
दुसऱ्यापासून आम्ही जवळजवळ एकच बोलतोय,
कुठल्या जुन्या घरातून, कोण जाणे.

नालुंग, म्हणतो तो, आणि अडतो.
ही पुरती वाकडी नाही, ताई. पुरती गोलपण नाही.
धरायची का?

नालुगु, माझ्या तोंडून निघतं.
मग मराठीत सांगते:
धर.