तिसरी पाळी

अकरा गाणी. एकूण चौदा मिनिटं, नऊ सेकंद.
मी म्हटलं, अगं, एवढ्यात आमचे बुवा
नुसता आलाप घेऊन पाणी मागतात.
सुकन्या गांगुर्डे हसली नाही.
लोडशेडिंग कितीला, म्हणाली.
साडेनऊला.
घड्याळात नऊ वाजत होते.
मग होतंय की.

सिडकोत, पिठाच्या गिरणीवर माझी खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी.
भजनी मंडळं, हळदीची गाणी, एकदा नगरसेवकाचा प्रचार,
एवढंच त्या माइकनं आयुष्यात ऐकलेलं.
हे चौघं रिक्षातून आले, ड्रम मांडीवर घेऊन.
एडविन साळवेचा अ‍ॅम्प शरणपूरच्या चर्चमधला,
रविवारी सकाळी परत द्यायच्या बोलीवर.
भूषण आहिरेच्या बासला तीनच तारा.
चौथी कुठाय विचारलं, तर
लागत नाही म्हणे.
आणि निहाल पिंजारी, वय सतरा,
गाद्या भरणाऱ्यांच्या घरचा, बोलायला कापूस;
काठ्या हातात आल्या
तसा खालच्या गिरणीवाल्यानं
चक्की बंद करून वर बघितलं.

बँडचं नाव बिनपगारी.
अल्बमचं नाव सांगितलं तेव्हा मी वहीत खाली बघितलं.
अंबडची हो काका, रात्री अकरा ते सात, ती म्हणाली.
आणि तुम्हाला वाटली तीपण.
लिहा.

काटा लाल रंगात गेला तो तिथंच राहायला.
मी काचेआडून हात हलवतोय, हळू, अरे हळू,
शब्द कळत नाहीत, शब्द!
एक गाणं पगाराच्या पाकिटावर, अठ्ठावीस सेकंद.
एक त्रिमूर्ती चौकात मागं लागणाऱ्या बुलेटवर.
एक नदीकाठच्या उठवलेल्या वस्तीवर,
त्यात नुसते घरांचे नंबर,
तेही ओळीनं नाहीत.

आणि तिसरं. हात काढ.
बस, एवढंच.
हात काढ हात काढ हात काढ
हात
काढ

दाराशी तिचे वडील येऊन उभे होते.
पॉवर प्रेसवर एकवीस वर्षं.
डबा डाव्या हातात, उजवा खिशात.
तो खिशातच असतो.
मला वाटलं, आता हा माणूस रडेल,
नाहीतर पोरीला उठवून नेईल.
ते म्हणाले, स्लो आहे.

कुणीच बोललं नाही.
प्रेस एवढी थांबत नसते, म्हणाले,
आणि हात बाहेर काढून
दाराच्या फळीवर ठोका दिला.
निहालनं मान कलती करून ऐकला.
परत द्या, म्हणाला. परत दिला.
तिसऱ्यांदा सुटला तो थेट
त्या ठोक्याच्या पाठीवर बसूनच.
एकोणीस सेकंदांचं गाणं चौदात आलं.
बाकी दहा गाण्यांआधी तो एक दोन तीन चार ओरडतो.
या गाण्याआधी लाकूड वाजतं,
तीनदा.
ते मी पुसणार होतो. सवय.
सुकन्यानं माझं मनगट धरलं.

साठ कॅसेटी काढल्या, माझ्याच जुन्या मालावर.
एका बाजूला हे; दुसऱ्या बाजूला
कुणाच्या तरी हळदीची गाणी तशीच राहिली.
मनमाडहून एकाचा फोन: पहिली बाजू बिघडलीय,
दुसरी चांगली आहे.
बदलून देऊ?
नको, म्हणाला. पोरं पहिलीच लावतात.
फक्त शेवटचं गाणं मधेच तुटतंय, तेवढं बघा.

तुटत नाही.
साडेनऊ वाजले.
अ‍ॅम्प मेला, तारा नुसत्या खरखरल्या,
माझी टेप घोगरी होत होत थांबली,
पण ड्रमला वीज लागत नाही
आणि त्या पोरीच्या गळ्याला तर नाहीच.
अंधारात त्यांनी ते पुरं केलं, वर आणखी दोन वाजवली
जी यादीत नव्हती.
ती माझ्याकडे नाहीत.
गिरणीवाल्याला विचारा.