एकसष्ट

साळ नदीच्या मुखाशी, कुटबणच्या धक्क्यावर
बर्फाच्या फॅक्टरीत मी हिशेब लिहितो.
जून लागला की मासेमारी बंद. एकसष्ट दिवस.
ट्रॉलर दोरांना बांधून अंगाला अंग लावून उभे,
लाद्या कुणाला नकोत,
आणि शीतघराची किल्ली माझ्या खिशात.

आमचा अल्बम तिथं झाला.

स्टुडिओ म्हणावं असं काही नव्हतं.
हातभर जाड भिंती, आतून थर्मोकोल,
अमोनियाचा न जाणारा वास.
दार ओढलं की समुद्र बंद,
पत्र्यावरचा पाऊससुद्धा बंद.
सगुण म्हणाला, इतकं शांत आहे की
माझा गुडघा वाजलेला ऐकू येतोय.
आलाय तो. तिसऱ्या गाण्यात,
पहिली काठी पडायच्या जरा आधी.

बँडचं नाव मानस.
परगावचे म्हणतात, वा, मन!
मन कुठलं, बाबांनो,
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार ते.
भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं,
खारं पाणी शेतात येऊ देत नाही.
थोडं येतंच.

आग्नेलचा ॲम्प लग्नांच्या बँडमधून निवृत्त झालेला,
तिन्हीसांजेला वाड्यावरचे पंप लागले की खोकायचा.
तो खोकला आम्ही ठेवला.
मी बेस वाजवतो.
बेस कुणाला ऐकू येत नाही,
थांबला की लोक मान वर करून बघतात,
कोण उठून गेलं?

बनमाली खलाशी, त्या वर्षी ओडिशाला न गेलेला,
उंबऱ्यावर बसून जाळं सांधत ऐकायचा.
सहा मिनिटांचं गाणं संपल्यावर म्हणाला,
अच्छा है. शुरू कब होगा?
लिव्हिया इतकी हसली
की त्या दिवशी पुढं काही झालं नाही.

लिव्हिया गायची.
मडगावच्या फार्मसीतून सुटून शेवटची बस पकडून यायची,
केसांना औषधांच्या खोक्यांचा वास.
तिच्या आजोबांचा जन्मदाखला
केप्याच्या दप्तरात सापडला त्याच महिन्यात.
मग लिस्बनचे कागद, मग इंग्लंडातल्या गोदामात रात्रपाळी,
हे सगळं तिनं आम्हाला
माइकची उंची नीट करता करता सांगितलं.

अठ्ठावन्नावा दिवस.
शेवटचं गाणं ती नुसतं खुणेपुरतं गायली,
ड्रम कुठं थांबतात एवढं कळावं म्हणून.
पिशवी खांद्यावरच होती.
दुसऱ्या कडव्याला शब्दच नव्हते अजून,
तर तिनं समोरचा उधारीचा फळा वाचला,
चालीत, डोळे न मिटता:
सांत आंतोन, लाद्या चाळीस, बाकी.
मोरजाई, लाद्या साठ, बाकी.
सांत आंतोन, परत वीस,
बाकी, बाकी.
मग घसा खाकरून म्हणाली,
परतून घेवया.

ते राहिलं.
एक ऑगस्टला कॉम्प्रेसर सुरू झाला.
तिकडून तिनं नवं पाठवलं,
ब्लँकेट डोक्यावर घेऊन फोनवर गायलेलं,
शब्द बरोबर, सूर स्वच्छ.
सगुणला तेच हवं होतं. आठवडाभर बोलला नाही.
आम्ही फळा ठेवला.
तिच्या वाक्यानंतरचे अकरा सेकंदही ठेवले,
त्यात माझी जाड तार विझत जाते, बाकी काही नाही.

दोनशे सीडी काढल्या. बऱ्याचशा माझ्या कपाटात आहेत.
एक कशी कोण जाणे मिंगेलच्या ट्रकात पोचली,
सांत आंतोन त्याचीच बोट.
नाताळच्या आधी आला, घामाघूम,
साठ लाद्यांचे पैसे टेबलावर मोजून ठेवले.
म्हणाला, आता काढ माझं नाव.

फळ्यावरचं पुसलं मी त्याच्यादेखत,
पावती दिली, चहा मागवला.
दुसरं कसं काढायचं ते त्याला सांगता येईना.
दर वेळी सीडी लावली की
चौथ्या मिनिटाला
तो पुन्हा देणं लागतो.