अजून थोडं भुर्र

आठवडाभर इल्वाकोच्या इस्पितळात मी रक्त तपासते.
शनिवारी नॅसेलला जाते,
टोइवो रौटियोच्या शेडमध्ये, कान म्हणून.

त्याचे स्वतःचे कधीच गेले.
डावा आधी, मग उजवा.
ज्यांनी नेले त्याच करवती आता बाकावर
पोट उघडून पडलेल्या:
पिवळी मॅक्युलॉक, निळी होमलाइट,
आणि एक, जिचं नाव तेलानं खाल्लं.

राग नाही येत? मी एकदा पुठ्ठ्यावर लिहून विचारलं.
"करवतीचा काय दोष?
कानात कापूस घाल, असं आई म्हणायची.
मी बावीस वर्षांचा होतो."
आणि पुन्हा कार्बोरेटरमध्ये डोकं.

आज मॅक्युलॉक.
कुणाच्या तरी गोठ्यात तीस वर्षं
पोटात पेट्रोल घेऊन निजलेली.
टाकीला वार्निशचा वास.
आतल्या पडद्याचा पापड झालाय,
नळी हातात घेतली तर मोडली
कट्, गवारीच्या शेंगेसारखी.
पॉइंट्सवर काजळी. तो पाकिटातून
दंतवैद्याचं कार्ड काढतो, फटीत घालून ओढतो,
करडी रेघ उमटेनाशी होईपर्यंत.
हात घाईत नाहीत.
हातांना कुठं जायचंच नाहीये.

दोरी. काही नाही.
दोरी. काही नाही.
सहाव्या ओढीला शेड निळ्या धुरानं भरते
आणि तो माझ्या तोंडाकडे बघतो.

पहिल्या शनिवारी मी इंग्रजी शोधत बसले होते.
पूर्ण जोर दिल्यावर करवत किंचित अडखळायला हवी,
एक ठोका गिळून बोलल्यासारखी.
लाकडात शिरली की अडखळणं जातं.
मुळीच अडखळली नाही तर पेट्रोल कमी पडतंय,
पिस्टन भाजणार.
याला म्हणायचं काय?
शेवटी तोंडातून निघालं, भुर्र.
आणि ते नसलं की, किर्र.
भुर्रला ओठ मिटून चंबू होतो,
किर्रला गाल ताणले जातात.
त्याला तेवढं पुरलं.
भाषा कुठली, हेही विचारलं नाही.

मला त्यात नवल वाटलं नाही.
इचलकरंजीत आमच्या खालच्या मजल्यावर बारा माग.
अण्णा जॉबर.
घरात आम्ही ओठांनीच बोलायचो:
जेवायला या, फी भरायचीय, आत्या गेली,
सगळं त्या खट्याक्-खट्याक्‌च्या वर
नुसतं तोंडानं उचलून धरलेलं.
रात्री वीज गेली की शांततेनं जाग यायची.

टोइवोचा एक नियम आहे.
दहा मोजेपर्यंत माझे कान उघडे, अकराव्याला मफ.
नारिंगी, नवे,
किमतीची चिठ्ठी अजून तशीच.
मान हलवत तो मोजतो.

"किर्र," मी म्हणते.
तो स्क्रू पाव फेरा सैल करतो.
"किर्र. अजून थोडं."
सात. आठ.
"भु..." मी थांबते. खात्री नाही.
दहा.
मफ.

मग तो लांब स्क्रूड्रायव्हर घेतो,
मूठ दातांत, टोक इंजिनाच्या अंगावर,
आणि डोळे मिटून उभा राहतो.
चौऱ्याऐंशी वर्षांचा जबडा थरथरतो,
गालाची कातडी, भुवया, टोपीची कड.
किती वेळ, सांगता येत नाही.
मी मोजत नव्हते.

स्क्रूड्रायव्हर काढून तो लाळ पुसतो
आणि चढ नाही उतार नाही अशा आवाजात म्हणतो,
"अजुन तोडं भुर्र."
मफमधूनही मला कळलं.
हे मी शिकवलं नव्हतं.
माझ्या ओठांवरून उचललेलं, थ वाटेत सांडलेला.

बाहेर ओल्या गवतात आल्डरचा ओंडका.
अंगठ्यानं तेलाचं बटण दाबत
तो पातं टेकवतो. भुसा उडतो,
केशरी, बुटांवर, माझ्या मोज्यांवर.
लाकडात शिरताना अडखळणं खरंच जातं का,
ते ऐकायला मी एका बाजूचा मफ
हळूच उचलते.

त्याची पाठ माझ्याकडे.
तरी करवत बंद होते.

"झाक," तो फिन्निशमध्ये म्हणाला असावा.
मी झाकला.