मूठ

भुवया आधी निळ्या होतात.
फोम घासला की त्याची भुकटी कुठेही जाते,
कॉफीत, खिशात, कानामागे.
घरी लेक विचारते, आई, आज काय आभाळ कापलंस?

मी कुबडीच्या मुठी करते.
मारिन्या ग्रांदमध्ये, जिथे आधी काच फुंकायचे
आणि आता साचे कापतात.
कुणाकुणाच्या बादल्या, बंपर, दात घासायचे ब्रश
इथल्या पोलादातून बाहेर पडतात.
खिडकीपलीकडे पाइनचं रान. वारा समुद्राकडून आला
की शेडमधल्या तेलाच्या वासाला किंचित मीठ लागतं.

स्क्रीनवर मूठ देखणी होती.
फिरवून, वाकवून, सावलीसकट दाखवली,
सगळे म्हणाले, वा.
मी कानस घेतली.
स्क्रीनला तळहात नसतो.

दोना बेल्मीरा, वय अठ्ठ्याहत्तर.
पेनिशच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं
डब्यात सार्डिन रचले, डोकं शेपूट, डोकं शेपूट.
आता उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत.
पहिली मूठ दिली. म्हणाल्या, छान आहे हो.
दुसरी दिली. छान आहे.
नववी तर मी मुद्दाम वाईट केली होती,
कडेला धार ठेवून.
तीही छान.
बाईंना माझं मन मोडवत नव्हतं.

मग मी विचारणं सोडलं.
जिन्यापर्यंत जाऊन आल्या की म्हणायचे, हात दाखवा,
आणि ज्योतिषासारखी बघत बसायचे:
अंगठ्याच्या उंचवट्यावर लाल चट्टा,
करंगळीखाली पांढरी पडलेली रेघ.
त्यात भविष्य नव्हतं, नुसती मागची चाळीस पावलं.
संध्याकाळी पुन्हा कानस.

सतरावी घेऊन त्या परसात गेल्या.
शेजारणीचं कोंबडं कोबीत शिरलेलं.
बाईंनी तीच कुबडी उगारली
आणि असा काही उद्धार केला
कोंबड्याचा, शेजारणीचा, तिच्या अख्ख्या माहेरचा,
की हातात काय आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.
मी वहीत लिहिलं: सतरा.
पुढे लिहायला काही सुचलं नाही.

मग आदेरितो, साचेवाला.
दोन्ही बाजूंनी निरखून म्हणाला,
अंगठ्याचा हा खळगा साच्यात अडकेल. सुटायचा नाही.
सरकता तुकडा लागेल,
त्याचे अकरा हजार युरो.
हिशेबातल्या पोरानं लगेच विचारलं, खळगाच काढला तर?
मी गप्प.
त्या खळग्यापायी सोळा मुठी कचऱ्यात गेल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत आदेरितोने पावाचा गर काढला,
मळला, माझ्या अंगठ्यावर दाबला,
सरळ ओढला. फाटला.
पुन्हा मळला, मला मनगट तिरकं धरायला लावलं,
ओढला, आणि अख्खा निघाला,
अंगठ्याच्या रेषांसकट.
"साचा तिरका उघडू," म्हणाला,
आणि तो गर
सूपमध्ये बुडवून खाऊन टाकला.

अकरा आठवड्यांनी पहिला शॉट.
मशीनचं दार सरकलं, मूठ ट्रेमध्ये पडली,
कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा, टोकाशी जरा अर्धवट,
ताज्या भाकरीइतकी गरम.
पापुद्रा नखाने सोलून मी ती मुठीत धरून उभी राहिले
निवेपर्यंत.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
हिची किंमत चार युरो दहा सेंट, दांडा वेगळा.

काल बाईंचा फोन.
म्हटलं, मूठ कशी आहे?
कुठली मूठ? असं म्हणून त्या मुद्द्यावर आल्या:
खालचं रबर चर्चच्या फरशीवर चर्रर्र वाजतं,
ऐन प्रार्थनेत सगळे वळून बघतात,
त्याचं काही करता येईल का?

आज सकाळपासून
मी गुडघ्यांवर बसून फरशा ओल्या करतेय.